जबल अलीतला थांका

दुबईहून आल्यावर लोक काय विचारतात ते मला आता पाठ झालंय. "उंटावर बसलात का? उंच उंच इमारती पाहिल्यात का?" उंटावर मी बसले नाही. इमारती पाहिल्या, मान दुखेपर्यंत पाहिल्या. पण त्या महिन्यात मी खरी रमले ती जबल अलीतल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये. तिथे मला एक तिबेटी चित्रकार भेटला. हे सांगायला लागले की समोरचा मला मध्येच अडवतो, "दुबईत? तिबेटी?" म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

मी कोल्हापुरात एका शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. नवं शतक नुकतंच लागलं होतं, मी निवृत्त झाले होते, आणि दुबईतली माझी मुलगी वैशाली फोनवर हट्टच धरून बसली होती. "आई, आता कसली शाळा आणि कसल्या परीक्षा? ये ना." हिवाळ्यात गेले. करामा भागात तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. खाली मल्याळी वाण्याचं दुकान, तिथे कढीपत्ता फुकट, आणि सुरण, अळू, अगदी शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळायच्या. नात रेवा दुसरीत. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "दूध प्यायलीस का गं?" "ऑलरेडी, आजी."

पहिले चार दिवस मॉल दाखवून झाले. पाचव्या दिवशी माझे जावई प्रसादराव म्हणाले, "आई, तुम्हाला कंटाळा आला असेल तर आमचं गोदाम बघायला येता? बघण्यासारखं काही नाही म्हणा."

मी लगेच चप्पल घातली.

जबल अली

शहर मागे पडतं, मग बराच वेळ काहीच नसतं. आणि मग एकदम सगळं मोठं होतं. क्रेन, कंटेनर, गोदामांच्या रांगा, कामगारांना आणणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. बसच्या खिडक्यांना जाळ्या, आत डोक्याला रुमाल बांधलेली माणसं, बहुतेक जण झोपलेली. प्रसादरावांचं गोदाम रंगाचे आणि थिनरचे डबे साठवायचं. त्यांनी मला हेल्मेट दिलं, आणि मी त्या डब्यांच्या भिंतींमधून हिंडू लागले.

एका दरवाज्यावर धोक्याची पाटी होती. इंग्रजी, अरबी, हिंदी अशा तीन भाषांत लिहिलेलं, 'ज्वलनशील पदार्थ', आणि मध्ये एक आग. मी तिथेच थांबले.

पाटीवरची आग कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. तीन जिभा, लाल रंग, काळी कड. ही तशी नव्हती. या आगीच्या ज्वाळा एकीतून एक उमलत वर गेल्या होत्या. प्रत्येकीचं टोक वाऱ्याने वळावं तसं वळलेलं, आणि आत तांबड्यातून नारिंगी, नारिंगीतून पिवळा इतका हळू उतरत आणलेला की जोड दिसत नव्हता. बारीक सोनेरी रेघ मुळापासून टोकापर्यंत न तुटता गेली होती. अशी रेघ मारायला श्वास धरावा लागतो. बत्तीस वर्षं मुलांना रेघ मारायला शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं.

"ही पाटी कुणी रंगवली?" मी विचारलं.

प्रसादराव गोंधळले. इतकी वर्षं त्या दरवाज्यातून जाऊन त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. "इथेच मागच्या गल्लीत वर्कशॉप आहे. तिथला एक नेपाळी पेंटर आहे. का?"

"मला त्याला भेटायचंय."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

मागच्या गल्लीत

वर्कशॉपचे फोरमन इस्माईलभाई रत्नागिरीकडचे, दाभोळ खाडीच्या काठचे. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. माझं मराठी ऐकताच त्यांनी स्वतःची खुर्ची फडक्याने पुसून पुढे केली. "बसा ताई, बसा. चाय सांगतो. कोल्हापूर? आमची मेव्हणी दिलीय ना तिकडे, इचलकरंजीत."

मी आगीच्या पाटीचं सांगितलं. ते हसले आणि आतल्या बाजूला ओरडले, "नोर्बू! यल्ला, इकडे ये. तुझी आग बघून एक मॅडम आल्यात."

आतून पस्तिशीचा एक माणूस आला. रुंद चेहरा, बारीक डोळे, अंगात निळी डांगरी, नखांत पिवळा रंग. आधी त्याला वाटलं, तक्रार आहे. हिंदीत म्हणाला, "मॅडम, बोर्ड में कुछ गलती है?"

मी हिंदीत म्हटलं, "नाही, चूक नाही. फार सुंदर आहे. मी चित्रकलेची शिक्षिका. कोल्हापूरची."

मग एकदम मराठीत म्हणाला, "कोल्हापूर? बसस्टँडच्या बाजूला मैदान. थंडीत. 'ताई, स्वेटर बघा, फिक्स रेट, फिक्स रेट.' ते आम्ही."

मी चहाचा कप खाली ठेवला. दर दिवाळीनंतर आमच्याकडे स्वेटर विकायला तिबेटी कुटुंबं यायची. बांबूच्या मांडवात रंगीबेरंगी लोकरीचे ढीग, आणि त्यामागे जाकीट घातलेल्या, गालावर लाली असलेल्या बायका. वैशालीचा शाळेचा लाल स्वेटर मी तिथूनच घेतला होता. नोर्बूचा जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतला. लहानपणी प्रत्येक थंडी आईबरोबर कोल्हापुरात. तिथेच तो मराठी शिकला, म्हणजे विकण्यापुरतं. त्याच्या मराठीत आकडे, रंग आणि 'धुतल्यावर आटत नाही' हे सगळं अगदी शुद्ध होतं. बाकीचं हिंदीतून जोडून घ्यायचं.

"आणि ती आग?" मी विचारलं.

त्याने खाली बघितलं. "साहेब बोलला, आग काढ. मला एकच आग येते, बाई. देवाच्या मागे असते ती."

शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवारी. इस्माईलभाई नमाजाला जाण्याआधी वर्कशॉपच्या मागच्या खोलीचं कुलूप उघडून द्यायचे आणि नोर्बू दिवसभर तिथे स्वतःचं चित्र काढत बसायचा. मला त्याने यायला लगेच 'हो' म्हटलं नाही. "पूर्ण नाही झालं," एवढंच म्हणाला. इस्माईलभाई मध्ये पडले. "अरे, मास्तरीण आहे. दाखव तिला."

प्रसादराव मला सोडायला आले आणि शेवटी तेही थांबले.

खोलीत रंगाचे रिकामे डबे, लोखंडी पट्ट्या, आणि खिडकीजवळ लाकडी चौकटीत दोऱ्यांनी ताणून बसवलेलं कापड. त्यावर ओढलेली मलमल त्याने बाजूला केली. थांका, म्हणजे तिबेटी लोक कापडावर काढतात ते देवाचं चित्र.

मध्यभागी निळा बुद्ध होता. रात्री चंद्र नसताना आकाश असतं तसा निळा, पण आतून उजेड असलेला. डाव्या हातात भिक्षापात्र, उजवा हात गुडघ्यावरून पुढे केलेला, आणि बोटांत एक फांदी, तिला फळं.

"औषधांचा बुद्ध," नोर्बू म्हणाला. "आजारी माणसासाठी काढतात. हातात अरुरा. तुमच्याकडे काय म्हणतात… पोटासाठी… सुकवून ठेवतात…"

मी फळाचा आकार बघितला. लांबट, कडेला उभ्या शिरा. "हिरडा!"

"हिरडा," त्याने म्हणून पाहिलं आणि खूश झाला.

मला फार गंमत वाटली. आमच्या आजीच्या सहाणेवरचा हिरडा बुद्धाच्या हातात, आणि तो जबल अलीत! मग मी प्रश्नांचा भडिमार केला. कापडाला काय लावलंय? खडूची भुकटी आणि कातड्याचा डिंक, मग दगडाने घासून घासून गुळगुळीत. रंग कुठले? दुकानातले नाहीत, दगडाचे. निळा दगड, हिरवा दगड, लाल दगड. कुटून, दळून, डिंकात कालवून. मोजमाप? त्याने कापडाच्या मागे जाऊन मला फिकट रेघांचं जाळं दाखवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत किती, खांद्यापासून खांद्यापर्यंत किती, सगळं ठरलेलं. "देवाच्या अंगात माझं काही चालत नाही," तो म्हणाला. "एक बोटसुद्धा इकडचं तिकडे नाही. मागचे डोंगर, पाणी, झाडं, ते चित्रकाराचं. तिथे तो मोकळा."

मी शाळेत अगदी उलट शिकवत आले होते. मुलांनो, मनातलं काढा, कॉपी करू नका. आणि इथे एक माणूस मला सांगत होता की त्याने आठ वर्षं फक्त कॉपी केली, पहिली दोन वर्षं तर नुसतं डोकं, आणि त्याच्या निळ्यात इतकं काही होतं की मला नजर काढवत नव्हती. हे कोडं मला अजून नीट सुटलेलं नाही.

दुपारी इस्माईलभाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सार घेऊन आले. चित्राकडे पाठ करून बसले. मी विचारलं तर म्हणाले, "मी काय ते बगत नाय, ताई. आमच्यात नाय चालत. पन राखतो. चावी माझ्याकडेच असते. पोरगा मेहनत करतो, ती मला दिसते ना." नोर्बूने त्यांच्यासाठी भाकरी मोडून ताटात ठेवली. दोघांमध्ये हे ठरलेलंच होतं असं दिसलं.

नोर्बूची गोष्ट

दुसऱ्या शुक्रवारी मी विचारलं, "हे कुणासाठी?"

तो सोन्याची रेघ ओढत होता. ती पूर्ण केली, कुंचला धुतला, मग बोलला. मध्ये मध्ये थांबत, हिंदी-मराठीत.

मुंडगोडला त्याचे एक गुरू होते. तो त्यांना 'गेन-ला' म्हणायचा, म्हणजे आपलं गुरुजी. अकराव्या वर्षी आईने त्याला त्यांच्या दारात नेऊन बसवलं. तिथे शिकला, मोठा झाला, मठांच्या भिंती रंगवल्या. मग काठमांडूच्या एका व्यापाऱ्याने त्याला बोलावून घेतलं. तिथे चित्रं काढायची ती परदेशी गिऱ्हाइकांसाठी, आणि गिऱ्हाइकांना हवी जुनी.

"जुनी कशी काढणार?" मी म्हटलं.

"नवीन काढायची. मग चुलीवर धरायची, धुरात. चहाचं पाणी मारायचं. चुरगाळायची, थोडी फाडायची. खलास, दोनशे वर्षं जुनी." तो हसला नाही. "सहा वर्षं केलं, बाई. माझा हात चांगला होता, म्हणून मालकाला मीच पाहिजे."

एक दिवस एका गोऱ्या गिऱ्हाइकाने असं एक चित्र विकत घेतलं आणि किती जुनं आहे हे विचारायला नेमकं मुंडगोडला नेलं, गेन-लांकडे. म्हाताऱ्याने चित्र उजेडात धरलं. कानाची पाळी बघितली. कानाची रेघ त्यांनी ज्याला शिकवली होती त्याचा हात त्यांनी ओळखला. गिऱ्हाइकाला खरं ते सांगून टाकलं. आणि काठमांडूला निरोप पाठवला: तुझ्या हातात आता माझं काही नाही.

"मग मी ब्रश ठेवला. एजंट बोलला, दुबईत बोर्ड पेंटर पाहिजे. आलो. कागदपत्रांची गोष्ट लांब आहे, ती सोडा. पाच वर्षं झाली."

"आणि हे चित्र?"

"गेन-ला आजारी आहेत. डोळे जातायत. वसाहतीतून एक माणूस इकडे कामाला आला, त्याने सांगितलं. हे त्यांच्यासाठी. दोन वर्षांचे शुक्रवार." मग म्हणाला, "घेतील की नाही माहीत नाही."

त्याने न विचारताच मी म्हणाले, "मी नेते. मुंडगोड आमच्यापासून किती लांब आहे? हुबळीपर्यंत एसटी जाते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जड काही तरी उचलायला निघालेय आणि मला त्याचं वजन ठाऊक नाही. मग हात जोडले. माझं परतीचं विमान सोळा दिवसांवर होतं. तो म्हणाला, तेवढ्यात होईल. इन्शाल्ला, असंही वर म्हणाला.

पाऊस

त्या देशात पाऊस वर्षातून दोन-चारदाच येतो, म्हणून कुणी त्याची तयारी ठेवत नाही. तो मंगळवारी आला. करामातले रस्ते तळी झाले, रेवाच्या शाळेला सुट्टी पडली, आणि ती गॅलरीत नाचत होती, "आजी, इट्स रेनिंग, इट्स ॲक्च्युअली रेनिंग!" आम्ही भजी तळली.

संध्याकाळी प्रसादरावांना इस्माईलभाईंचा फोन आला. त्यांचा चेहरा बघून मी गॅस बंद केला.

एसीच्या फटीतून पाणी आत आलं होतं. डिंकात कालवलेला रंग पाण्यापुढे टिकत नाही. दुसऱ्या दिवशी प्रसादरावांबरोबर मी गेले तेव्हा नोर्बू जमिनीवर बसला होता, चौकट मांडीवर. बुद्ध वाचला होता. पण खालचा उजवा कोपरा, हाताच्या पंजापेक्षा मोठा, पार धुऊन गेला होता. डोंगर, झरा, झऱ्याकाठची हिरवळ, सगळ्याचा मळकट ओघळ. इस्माईलभाई दारात उभे होते. त्यांना वाटत होतं की चूक त्यांची. "सोमवारीच बोललो होतो, फट बुजवायची. राहून गेलं."

"तुमची काही चूक नाही, भाई," नोर्बू म्हणाला.

मी म्हटलं, "कोपराच आहे. पुन्हा काढता येईल ना?"

"येईल. कापड घासून, खडू लावून. पण हिरवा नाही. घरून आणलेला होता तेवढा संपला. निळा थोडा आहे, लाल आहे. हिरवा नाही."

दुबईत चित्रांच्या सामानाची दुकानं आहेत, नळीतला वाटेल तो हिरवा मिळेल, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. "बाकीचं चित्र दगडाचं. एक कोपरा नळीतला. गेन-लांना डोळ्यांनी नाही दिसलं, तरी मला माहीत असेल ना. एकदा फसवलंय."

मी नळीचा विषय सोडला.

उपाय सुचला तो प्रसादरावांना. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आई, हिरवा दगड म्हणजे तांब्याचा ना? ओमानच्या सीमेजवळ, हत्ताकडच्या डोंगरांत पूर्वी तांबं काढायचे, असं आमच्या ऑफिसातला ओमानी सांगत असतो." ज्या माणसाने पाच वर्षं ती पाटी बघितली नव्हती, तो आता दगडांचा विचार करत होता.

हत्ता

शुक्रवारी पहाटे निघालो. प्रसादराव, नोर्बू, मी, आणि मागे रेवा, कारण तिला 'ट्रेझर हंट'ला यायचंच होतं. लाल वाळूचा पट्टा संपला, मध्ये ओमानचा एक तुकडा लागला, आणि मग डोंगर सुरू झाले.

सह्याद्रीच्या माणसाला हे डोंगर आधी भयंकर वाटतात. गवताची काडी नाही. तपकिरी, जांभळट, राखाडी, थरावर थर, आणि सुऱ्यासारख्या धारा. नोर्बू खिडकीला कपाळ टेकवून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तिबेट मी नाही पाहिलं. आई सांगायची, तिकडे डोंगर असे नागडे. मी हसायचो. मुंडगोडला सगळं जंगल, मला वाटायचं, म्हातारी विसरलीय. चित्रात पण हिरवेच काढले नेहमी, शिकवले तसे." खिशातून पाकिटाचा पुठ्ठा काढून त्यावर पेन्सिल चालवू लागला.

सुक्या नदीच्या गोट्यांत आमची गाडी रुतली, हे सांगायलाच हवं. प्रसादराव नवीन गाडीला दोष देत होते, मी प्रसादरावांना. शेवटी खडी फोडण्याच्या कारखान्याचा एक पठाण राखणदार पिकअप घेऊन आला. दाढी मेंदीने लाल, अंगात जाड स्वेटर. दोरीने गाडी ओढून काढली आणि विचारलं, "इधर क्या ढूँढता है?"

"हरा पत्थर," नोर्बू म्हणाला.

"हरा?" पठाणाने तोंड वाकडं केलं. "वो तो बेकार पत्थर है. मशीन में नहीं डालते." आणि आम्हाला टेकाडामागे घेऊन गेला. तिथे फोडलेल्या कड्यात, तपकिरी दगडाच्या फटीत, मोरपिसाच्या रंगाची एक पातळ शीर गेली होती. रेवा ओरडली. नोर्बूने पुढे होऊन नखाने खरवडलं, बोट जिभेला लावलं, उजेडात धरलं. मग त्या पठाणाला त्याने मिठीच मारली. तो बिचारा गांगरून गेला. नंतर त्यानेच हातोडा आणून आम्हाला शीर फोडून दिली आणि गोड काळा चहा पाजला. बेकार दगडासाठी दुबईहून आलेली आम्ही माणसं त्याला अखेरपर्यंत कळली नाहीत.

दळण

पुढच्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रंग दळला. दगड निवडायचा, कुटायचा, पाण्यात धुऊन माती काढायची, मग खलात दळायचा. मी जोर लावला. नोर्बूने माझा हात धरून थांबवला.

"बाई, हळू. जोराने दळला की रंग मरतो, पांढरा पडतो. तुम्ही आजारी आहात, ताकद नाही, असं समजून दळा."

दोन तास दळलं. मनगट भरून आलं. हाती आली ती दोन चमचे हिरवी भुकटी. बत्तीस वर्षं मी मुलांच्या हातात नळ्या दिल्या, आणि रंग येतो कुठून, हे मलाच माहीत नव्हतं.

पुढचे सहा दिवस काम सुटल्यावर तो कोपऱ्यावर बसला. जुने गोल हिरवे डोंगर त्याने पुन्हा काढले नाहीत. पुठ्ठ्यावरचे काढले. नागडे, तपकिरी, जांभळ्या सावल्यांचे. त्यांच्यामधून पाण्याची एक बारीक धार, आणि धारेच्या दोन्ही काठांना तेवढा आमचा हिरवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने चित्र चौकटीतून सोडवलं, मलमलीत गुंडाळलं आणि पुठ्ठ्याच्या नळीत घातलं. नळी माझ्या हातात देत तो म्हणाला, "काही बोलले नाहीत, तर तिथेच ठेवून या. परत नका आणू."

मुंडगोड

मुंबईच्या कस्टमवाल्याने "पोस्टर का?" म्हणून नळी हलवून बघितली, तेवढंच. आठवड्याने मी हुबळीमार्गे मुंडगोडला पोहोचले. सागाची झाडं, मक्याची शेतं, कन्नड पाट्या, आणि मध्येच प्रार्थनेच्या रंगीत पताका. गेन-लांचं घर बसकं, कौलारू. त्यांची मुलगी देचेन दारात आली. मी आत निरोप पाठवला. बराच वेळ मी पायरीवर बसून होते. मग तिने मला आत घेतलं.

म्हातारे खाटेवर बसले होते. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. मी चित्र त्यांच्यासमोर उलगडलं. देचेन त्यांचं बोलणं मला हिंदीत सांगत होती.

"बाबा म्हणतात, मला दिसत नाही. तुम्ही चित्र शिकवता ना? तुम्ही सांगा."

मी सांगायला बसले. निळा कसा आहे, हात कसा आहे, फांदीला किती पानं आहेत. ते मध्येच विचारायचे, "कानाची पाळी कुठे संपते?" मी बोटांनी मोजून सांगायचे. "वस्त्राच्या कडेला किती रेघा?" मी नाक लावून मोजायचे. मुलांच्या इतक्या परीक्षा घेतल्या, पण अशी परीक्षा मी कधी दिली नव्हती.

"खाली उजवीकडे?"

इथे नुसतं मोजून भागणार नव्हतं. मग सगळंच सांगितलं. पाऊस, धुऊन गेलेला कोपरा, नळीतला रंग नको म्हणणं, हत्ता, पठाण. आणि सांगितलं की तिथे डोंगर शिकवल्यासारखे नाहीत. नागडे आहेत, झाड नाही.

देचेन वडिलांकडे बघत होती.

"तिथे असे डोंगर आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. मी पाहिलेत."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांची बोटं कोपऱ्यावर नेऊन ठेवली. हिरव्या जागी दगडाचे कण जरा खरखरीत लागत होते. म्हाताऱ्याचं बोट तिथे आलं आणि थांबलं, पुढे गेलं, परत आलं. मग ते मुलीशी भराभर काही बोलले. ती उठून आतून लाल-पिवळं जरीचं कापड घेऊन आली, चित्राला किनार लावायला.

"बाबा म्हणतात," ती म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं, "हिरवा चांगला आहे. आमच्या शाळेतला संपत आलाय. त्याला विचारा, अजून मिळेल का?"

एवढाच निरोप. त्याच संध्याकाळी हुबळीच्या एका एसटीडी बूथमधून मी वर्कशॉपला फोन लावला. इस्माईलभाईंनी उचलला, नोर्बूला हाक मारली. मी जसंच्या तसं सांगितलं. मग त्याने विचारलं, "किती पाहिजे, म्हणाले?"

"ते नाही विचारलं."

"बरोबर," तो म्हणाला. "ते मीच विचारतो."

तीन महिन्यांनी माझ्या घरी फोन वाजला. मुंडगोडहून. रजा टाकून, बॅगेत कपड्यांपेक्षा दगडच जास्त घेऊन तो गेला होता. "कसं काय चाललंय?" मी विचारलं.

"शिकतोय, बाई. पहिल्यापासून. राख फासलेली फळी दिलीय हातात, नव्या मुलांच्या रांगेत शेवटी बसवलंय. सकाळपासून बुद्धाचं नाक काढतोय. चार वेळा पुसलं त्यांनी."

"अरे, पण त्यांना दिसत नाही ना?"

"बोट फिरवतात ना रेघेवरून. राखेत खाच पडते, ती लागते बोटाला. वाकडी असली की तसंच बोट चोळून पुसून टाकतात." तो हसत होता. त्याला असं मोकळं हसताना मी जबल अलीत कधी ऐकलं नव्हतं.

"आणि परत कधी? दुबईला?"

"इस्माईलभाईंना सांगितलंय, बोर्डांसाठी दुसरा माणूस बघा." मागून कुणाचा तरी म्हातारा, खणखणीत आवाज आला. "ठेवतो बाई. पाचव्यांदा बोलावतायत."